चंदेरी लेबल

सोमवार, ४ तारीख

डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीबरोबर ही वही लिहून दिली. म्हणाले, ऑफिसातला संताप घरी आणून बायकोच्या डोक्यावर ओतण्यापेक्षा रोज कागदावर उतरवत जा. हे त्यांना कोणी पढवलं ते मला कळत नाही असं नाही. मी तपासणीच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा ही बाकावर बसली होती आणि नको इतकी निरागस दिसत होती.

तर उतरवतो. मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख. आमची कंपनी पार्किंगच्या फाटकावर बसवायचे डबे बनवते. गाडी समोर आली की डब्यातला कॅमेरा तिचा नंबर वाचतो आणि नंबर यादीत असला तर दांडा वर जातो. डब्याच्या पोटात एक बोर्ड असतो आणि बोर्डावर प्रोसेसर, म्हणजे त्याचं डोकं. हे डोकं बाराशे मेगाहर्ट्झच्या वेगानं चालायला हवं. एकाच कारखान्यातून, एकाच खेपेत आलेले बोर्ड, एकाच मापाचे, एकाच रंगाचे. तरी काही बाराशेवर पळतात, काही आठशेवर येतात आणि काही सहाशेवर रेंगाळतात. ग्राहकाच्या इमारतीत नमुन्याचं फाटक लावलं आहे. तिथे गाडी येऊन उभी राहते, मागे रांग लागते, सगळे हॉर्न वाजवतात, आणि मग आमचा दांडा आळस दिल्यासारखा वर जातो. साहेब म्हणजे आमचे मालक. त्यांनी आज मला बोलावून सांगितलं, महिनाअखेरीच्या आत कारण शोधा.

शोधीन. मी या कंपनीत आलो तेव्हा बोर्ड तपासून नुसते खोक्यात टाकत. कोणी तपासला, काय तपासलं, काही पत्ता नसे. लेबलं मी आणली. नजरेनं तपासला की हिरवं. सोल्डरिंग पाहिलं की निळं. वीजदाब मोजला की पिवळं. कॅमेरा जोडून पाहिला की नारिंगी. आणि सगळं झाल्यावर मी स्वतः लावतो ते चंदेरी. कागदी नाहीत हं, चांगली फोमची, फुगीर, बोट फिरवलं तरी हाताला कळावीत अशी. बोर्डावर सगळीकडे काटेकुटे. सपाट जागा एकच, ती प्रोसेसरच्या पाठीवर. तिथे एकावर एक लावतो, प्रत्येकाची कड दिसेल अशी. पाचही लागली की बोर्ड असा सजतो की पाहणाऱ्यानं पाहत राहावं. नमुन्याच्या फाटकासाठी मी मुद्दाम पाच लेबलांचेच बोर्ड निवडून दिले होते. म्हणूनच नवल वाटतं.

मंगळवार, ५

पहिली बैठक. बोर्डाचा आराखडा काढणारा इंजिनियर आहे, त्याला सगळे दाढीवाला म्हणतात. तो खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "बोर्ड माझा आहे, तो चुकणार नाही. प्रोग्रॅम बघा."

प्रोग्रॅम लिहिते ती माझी भाची. धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीचे यजमान गेल्यापासून त्यांचं घर या पोरीच्या पगारावर चालतं. माझ्याच शब्दावर साहेबांनी तिला घेतलं, पण कच्च्या नेमणुकीवर. ती कायम होणार की घरी जाणार हे याच महिन्यात ठरायचं आहे. राहते आमच्याकडेच. घरी मामा म्हणते, ऑफिसात सर. ही शिस्त मी लावली.

ती म्हणाली, "सर, प्रोग्रॅम सगळ्या बोर्डांवर एकच आहे. मग वेग वेगवेगळा कसा येईल? प्रोसेसर तापला की तो आपणहून वेग कमी करतो, जळून जाऊ नये म्हणून. माझ्या मते मंद बोर्ड तापताहेत. एकदा वरची लेबलं काढून बघूया का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसूनच घेतलं, पण आतून माझा तिळपापड झाला. तपासल्याची खूण काढून टाकायची आणि मग तपासायचं? डॉक्टरनं आधी पेशंटचं नाव खोडायचं आणि मग नाडी धरायची, तसलाच प्रकार. मी तिला शांतपणे समजावलं की लेबल ही माहिती असते. माहितीनं कोणी तापत नाही.

घरी येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. आजकालच्या मुलांना जरा समजावलं की राग येतो.

गुरुवार, ७

कामाला लागलो आहे. पहिला संशय विजेवर. सगळ्या बोर्डांचे अडॅप्टर बदलले. फरक नाही. दुसरा संशय बोर्डावरच्या क्रिस्टलवर. हा एक चिमुकला तुकडा असतो, तो प्रोसेसरला ठेका देतो. दाढीवाल्यानं नाक मुरडत चार बोर्डांचे क्रिस्टल बदलून दिले. फरक नाही. तिसरा संशय टेबलावर. टेबल भिंतीपासून लांब सरकवलं. माझ्या पाठीत चमक आली, बाकी फरक नाही.

मग मी ठरवलं, मूळ धरूनच जायचं. सगळ्या मंद बोर्डांची फेरतपासणी. फेरतपासणी म्हणजे पुन्हा पाचही टप्पे आणि पुन्हा पाचही लेबलं. जुनी लेबलं काढायची नाहीत, कारण मग इतिहास पुसला जातो. नवी जुन्यांवरच लावायची. माझी माणसं दिवसभर मान वर न करता काम करत होती. संध्याकाळी त्या बोर्डांवर लेबलांचा असा थर चढला होता की लांबूनही कळावं, यांच्यावर कष्ट घेतले आहेत.

विचित्र गोष्ट अशी की फेरतपासणी झालेले बोर्ड आता चारशेवर आले. आणि ज्यांना आपण हातही लावला नाही, नुसते खोक्यात पडलेले, ते बाराशेवर पळताहेत. ज्यांची जास्त काळजी घ्यावी त्यांनीच असं करावं. माणसांत पाहिलं होतं हे, बोर्डांतही असतं हे ठाऊक नव्हतं.

सोमवार, ११

आज एक महत्त्वाचा शोध लागला. साहेब म्हणाले, मला स्वतः बघायचंय. म्हणून चारशेवर चालणारा एक बोर्ड मी त्यांच्या केबिनमध्ये नेला. केबिनमध्ये नेहमीप्रमाणे थंडगार, स्वेटर घालून जावं लागतं. बोर्ड चालू केला. बाराशे. अर्धा तास ठेवला. बाराशे. दुसरा आणला, तोही बाराशे. साहेब माझ्याकडे असे पाहत होते की जणू मीच आठवडाभर खोटं बोलतोय. बोर्ड परत आमच्या खोलीत आणले, तिथे दहा यंत्रं आणि आठ माणसं, पंखा एकच. तिथे पुन्हा चारशे.

मी यावर बराच विचार केला. उघड आहे की केबिनमध्ये बोर्डाला काहीतरी कळतं. भाचीला म्हटलं, "बघ, साहेबांचा धाक. यंत्रसुद्धा माणूस ओळखतं."

ती म्हणाली, "मामा, तिथे एसी आहे."

"सर म्हण," मी म्हणालो.

"सर, तिथे एसी आहे."

एसी सगळ्यांनाच असतो. म्हणजे असावा. आमच्या खोलीत नाही ही वेगळी तक्रार आहे आणि तिचा अर्ज मी कधीच दिला आहे. हातातलं काम सोडून ही पोरगी विषयाला फाटे फोडते.

बुधवार, १३

जेवताना ही म्हणाली, "पोरगी काय म्हणतेय ते एकदा ऐकून तर घ्या."

मी म्हटलं, "ऑफिस ऑफिसात."

"मग ते लेबलांचं बंडल कपाटात माझ्या साड्यांवर का ठेवलंय?"

त्याला उत्तर आहे. ऑफिसात ओल आहे, चंदेरी लेबलांचा गोंद खराब होतो. पण मी आमटी मागून घेतली. भाची खाली मान घालून जेवत होती. ही तिच्याकडे बघून काहीतरी खुणावत होती. या दोघींचं हल्ली माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतं.

बहिणीचा फोन आला. पोरीचं काम कसं चाललंय, विचारत होती. मी मोठा भाऊ, खोटं कसं बोलू? म्हटलं, "हुशार आहे, पण उथळ आहे. मुळापर्यंत जात नाही. जरा दुसऱ्याचं ऐकायला शिकव तिला." बहीण म्हणाली, "बरं दादा. तू आहेस ना तिथे." आवाज जरा बारीक वाटला. सर्दी झाली असावी.

शनिवार, १६

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

गेले काही दिवस माझ्या लक्षात येत होतं की भाचीच्या टेबलावरचे बोर्ड कधी मंद होत नाहीत. आमच्याकडून चारशेवर रखडणारा बोर्ड तिच्याकडे जातो आणि तासाभरात बाराशे. आमच्याकडे परत येतो की पुन्हा आपला चारशे. दाढीवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तिच्याकडे प्रोग्रॅमची वेगळी प्रत असणार. चांगली स्वतःजवळ ठेवते, बिघडलेली तुम्हाला देते. म्हणजे तिच्यावाचून अडलं पाहिजे." मला पटलं नाही. मग पटलं.

दुपारी ती जेवायला गेली असताना मी तिचा ड्रॉवर उघडला. मनाला लागत होतं, पण गुणवत्तेला नातं नसतं. ड्रॉवरमध्ये प्रोग्रॅमची प्रत नव्हती. लेबलं होती. हिरवी, निळी, पिवळी, नारिंगी, चंदेरी. नीट सोलून काढलेली, मेणकागदावर ओळीनं चिकटवून ठेवलेली, प्रत्येक ओळीवर बोर्डाचा क्रमांक. म्हणजे बोर्ड आला की ही पोरगी लेबलं काढते आणि परत पाठवताना होती तशी लावून देते.

मी लावलेली लेबलं. माझ्या हातानं.

ती आली तेव्हा मी तिच्या खुर्चीवर बसलो होतो. म्हटलं, "हे काय आहे?"

ती म्हणाली, "काढल्याशिवाय काम होत नाही सर. आणि काढली तर तुम्हाला वाईट वाटतं. म्हणून परत लावते."

"कोणाच्या परवानगीनं?"

तिनं मेणकागद उलटा करून ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. मला दया आली, पण मी तोंडावर दिसू दिली नाही. लेबलांशी छेडछाड हा माझ्याच नियमांत सगळ्यांत गंभीर गुन्हा आहे, चोरीच्याही वरचा. साहेबांना कळवणं भाग होतं. कळवलं.

घरी ही माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट मात्र जरा जोरात ठेवलं.

सोमवार, १८

चौकशी समिती बसली. मी अध्यक्ष. मी म्हणालो, माझी भाची आहे, दुसऱ्या कोणाला नेमा. साहेब म्हणाले, म्हणूनच तुम्ही, म्हणजे कोणी पक्षपात म्हणणार नाही. मला अभिमान वाटला. सदस्य दोनच, मी आणि दाढीवाला.

निष्कर्ष असा: एक, वेगाचा दोष प्रोग्रॅममध्ये आहे. दोन, संबंधित कर्मचारी लेबलं काढून पुरावा नष्ट करत होती. ती लेबलं काढल्यावर बोर्ड नीट चालतात ही गोष्ट दाढीवाल्यानं ओझरती काढली होती, पण ती निष्कर्षात घेतली नाही. ती बेकायदा कृतीतून मिळालेली माहिती आहे. असल्या माहितीवर विसंबलं तर उद्या कोणीही काहीही काढून बघेल. मी सही केली. सही जरा वाकडी आली, पेन बरोबर नव्हतं.

मंगळवार, १९

ग्राहकाच्या इमारतीत आज त्यांचा मोठा अधिकारी स्वतः गाडी घेऊन फाटकावर आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि डबा बंद. दांडा वर गेला, गाडी निघाली, आणि आमच्या बोर्डाला तेवढ्यात आधीच्याच गाडीचा हिशेब उरकायचा होता. दांडा खाली आला तो थेट बॉनेटवर. कोणाला लागलं नाही. पोचा मात्र चांगला पडला.

तिकडे मी कालच आमची सर्वांत तपासलेली बोर्डांची जोडी बसवली होती, दोनदा फेरतपासणी होऊन लेबलांचे तीन तीन थर चढलेली. यापेक्षा माणूस जास्त काय करणार?

साहेबांनी फोनवर ग्राहकाला शब्द दिला, शुक्रवारपर्यंत दोषी सापडेल आणि घरी जाईल. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा अहवाल आहेच." आहेच. मी स्वतः टाइप केला आहे.

घरी आलो तर भाची कपडे घडी करून बॅगेत भरत होती. ही तिच्या शेजारी बसली होती. मी दारात उभा राहिलो. म्हटलं, "काम शोधायला मी मदत करीन." ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही पुष्कळ केलीत."

गुरुवार, २१

आज मी नीट लिहू शकेन की नाही माहीत नाही.

उद्याच्या बैठकीत ग्राहकाचे लोक येणार. त्यांना दाखवायला मी एक बोर्ड तयार करत होतो. चालू करून टेबलावर ठेवला, वेग पडद्यावर दिसत होता, चारशे. माझं लक्ष चंदेरी लेबलाकडे गेलं. तिरकं लागलं होतं. मला तिरकं चालत नाही. हलकेच एक कोपरा धरून उचलायला गेलो तर खालचे सगळे थर एकदमच सुटून आले, साय निघावी तसे. आणि माझं बोट प्रोसेसरवर टेकलं.

मी हात झटकला. बोटाला फोड आला आहे, आत्ताही ठणकतो.

पडद्यावर पाचशे झाले होते. मग सातशे. मग हजार. मी बघत बसलो. बाराशे.

योगायोग असेल म्हणून तोच थर परत लावला. थोड्या वेळानं हजार, सातशे, चारशे. काढला. बाराशे. लावला. चारशे. दुसरा बोर्ड घेतला. तिसरा घेतला. प्रत्येक वेळी मनात म्हणत होतो, आता नाही होणार. प्रत्येक वेळी झालं. शेवटी मी नुसतं एक हिरवं लेबल लावून पाहिलं, वेग थोडा कमी झाला. निळं लावलं, आणखी थोडा. माणसानं जिना उतरावा तसा तो बोर्ड माझ्या एकेका लेबलानं खाली उतरत गेला, आणि चंदेरी लावलं तेव्हा तळाशी पोचला.

माझ्याच खोलीतली माणसं आजूबाजूला काम करत होती. कोणी काही विचारलं नाही. एक बाई निळी लेबलं लावत होती, तिला म्हटलं, "थांबा जरा." ती म्हणाली, "का सर?" मी म्हटलं, "चहा घ्या."

ती पहिल्याच बैठकीत बोलली होती. सगळ्यांसमोर, सरळ, एका वाक्यात. आणि मी काय म्हणालो होतो? माहितीनं कोणी तापत नाही.

मला भयंकर लाज वाटते आहे. अजून ही गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. भाची बाहेरच्या खोलीत मामीबरोबर टीव्ही बघते आहे. मी आत वही घेऊन बसलो आहे. सांगावं तर माझी इतक्या वर्षांची मेहनत एका सालीबरोबर सुटून येते. माझी निवृत्ती जवळ आहे. न सांगावं तर पोरगी उद्या जाते. दोन्ही वाक्यं लिहून पाहिली. पहिलं वाचताना वाईट वाटतं. दुसरं वाचवतच नाही.

शुक्रवार, २२

साहेबांची केबिन. ग्राहकाचे दोघं, दाढीवाला, भाची आणि मी. साहेबांनी माझा अहवाल मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर म्हणाले, "अत्यंत निःपक्षपाती काम." माझे कान गरम झाले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाची उभी राहिली. म्हणाली, "चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. मी मान्य करते. लेबलांच्या पद्धतीत काही दोष नाही." माझ्याकडे पाहिलंही नाही. पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणून खाली बसली.

मला पहिल्यांदा वाटलं, चला, तिनंच सोडवलं. हे इथे लिहितो, कारण खोटं लिहायला ही वही नाही. एक क्षणभर मला खरंच बरं वाटलं. मग तिचे हात दिसले. ओढणीचं टोक बोटांत पिळून धरलं होतं.

मी उठलो. म्हटलं, "ती खोटं बोलते आहे. प्रोग्रॅम ठीक आहे. लेबलांनी बोर्ड तापतात. लेबलं माझी आहेत. आणि हे तिनं पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं."

दाढीवाला लगेच म्हणाला, "मला शंका होतीच."

साहेब म्हणाले, दाखवा. मी बोर्ड मांडला, तीन थरांचा. चालू केला. बाराशे. सगळे बघताहेत आणि बोर्ड आपला ऐटीत बाराशेवर. ग्राहकाचा माणूस हसला. मला घाम फुटला, आणि घामावरूनच सुचलं.

"साहेब," मी म्हणालो, "एसी बंद करावा लागेल."

"कशाला?"

"बोर्डाला तुमचा धाक वाटतो असं मी समजत होतो. तसं नाही."

एसी बंद झाला. काच बंद होती. आम्ही सहा माणसं त्या केबिनमध्ये त्या बोर्डाभोवती बसून राहिलो. साहेबांनी टाय सैल केला, मग काढून ठेवला. ग्राहकाचा मोठा अधिकारी माझ्या अहवालानं वारा घेऊ लागला. आकडा हलेना. मी मनातल्या मनात त्या बोर्डाच्या विनवण्या करत होतो, बाबा रे, एवढ्या वेळा नको तेव्हा मंद झालास, आता एकदा हो. अखेर अकराशे झाले. नऊशे. सहाशे. चारशे.

मी चंदेरी लेबलाचा कोपरा धरला आणि सगळा थर ओढून काढला. आवाज झाला, कापड फाटावं तसा. आकडा चढू लागला. बाराशे झाल्यावर साहेबांनी आधी एसी चालू केला.

मग विचारलं, "ही लेबलं लावायला कोणी सांगितलं होतं?"

"मी."

"आणि हिला काढायची बुद्धी झाली तर हिच्यावर चौकशी कोणी बसवली?"

"मीच."

साहेबांनी थोडा विचार केला. म्हणाले, लेबलं चांगली आहेत, ग्राहकाला आवडतात, फक्त ती डब्याच्या बाहेर लावा. मुलगी कायम. आणि तुम्ही सोमवारपासून पॅकिंग विभाग बघा, तिथे खोक्यांवर हवी तितकी लेबलं लावा. ग्राहकाच्या माणसानं माझा हात हातात घेऊन दाबला. का ते कळलं नाही. फोड दुखला.

बाहेर आल्यावर भाची जिन्याशी थांबली होती. म्हणाली, "सर, कशाला बोललात? तुमचं थोडंच राहिलं होतं."

"मामा म्हण," मी म्हणालो.

रविवार, २४

बहिणीला फोन करायचा होता. काल केला नाही, डोकं दुखत होतं. आज सकाळी केला नाही, बाजारात जायचं होतं. दुपारी हिनं फोन माझ्या पुढ्यात आणून ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

बहीण आनंदात होती. पोरगी कायम झाल्याचं तिला कळलं होतं. म्हणाली, "दादा, तू तिच्या पाठीशी होतास म्हणून झालं सगळं."

हे वाक्य तसंच राहू देता आलं असतं. साहेबांसमोर, परक्यांसमोर बोललो तेव्हा एवढं जड गेलं नव्हतं. पण ज्या बहिणीला मी सायकल शिकवली, गणितं शिकवली, जी अजून डोळे झाकून माझा शब्द धरते, तिला सांगायचं होतं. मी म्हटलं, "नाही गं. मी पाठीशी नव्हतो. मी तिला घालवायला निघालो होतो. चूक माझी होती, तिनं आधीच सांगितली होती, आणि मी तिला उथळ म्हणालो. तुझ्यापाशी म्हणालो."

ती म्हणाली, "मला ठाऊक आहे दादा. तिनं मला पहिल्याच आठवड्यात फोन करून सांगितलं होतं, मामांच्या लेबलांमुळे होतंय म्हणून. विचारत होती, साहेबांना सरळ जाऊन सांगू का. मीच म्हटलं नको. म्हटलं, मामाचं मन मोडू नकोस, नोकरी काय, दुसरी मिळेल."

त्या दिवशी फोनवर मी बहिणीच्याच पोरीला नावं ठेवत होतो, आणि ती सगळं माहीत असून ऐकून घेत होती. सर्दी नव्हती झालेली तिला.

"दादा, आहेस ना?" ती म्हणाली.

"आहे."

"जेवलास का?"

"जेवतो आता."

फोन ठेवून मी बराच वेळ तिथेच बसलो. स्वयंपाकघरात भाची आणि ही कशावर तरी हसत होत्या. बहुतेक माझ्यावरच. आत जायची लाज वाटत होती. तेवढ्यात हिनं आतून विचारलं, ताट वाढू का. मी हो म्हटलं आणि गेलो.